खिडकी गळते कुठून?

मृग तोंडावर आला की आपल्या जठारपेठेतल्या जुन्या घरांत एक काम हमखास निघतं, गळक्या खिडक्यांचं. मिस्त्री येतो, चौकटीभोवती सिमेंट लिंपून जातो, आणि पहिल्याच झडीला भिंतीवर ओल हजर.

यात मिस्त्रीचा दोष थोडा, आपल्या काळ्या मातीचा जास्त. ही माती पाणी प्यायली की फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पाया उथळ असेल तर घरही तिच्यासोबत हलतं. मग तडा जातो तो बहुधा खिडकीच्या कोपऱ्यातून, तिरपा. हलत्या जागी कडक सिमेंट टिकावं कसं?

शिडाच्या बोटीवाल्यांना ही अडचण रोजचीच. समुद्रात बोटीचं अंग सतत पिळवटत असतं. त्यातून खिडक्या पुष्कळदा ॲक्रिलिकच्या. तापमान 40 अंशांनी वाढलं की मीटरभर ॲक्रिलिक जवळजवळ 3 मिलिमीटरनं लांबतं! म्हणून जुन्या बोटीची खिडकी गळू लागली की जाणकार वरवर काही फासत बसत नाही. खिडकी उतरवतो, जुना मसाला पार खरवडतो, स्क्रूची भोकं जरा सैल ठेवतो आणि ताणलं जाईल असं मऊ सीलंट भरून ती बसवतो. स्क्रूही बेतानंच आवळतो, नाहीतर सगळं सीलंट दाबून बाहेर येतं.

आपल्याला अख्खी खिडकी उतरवायची गरज सहसा नसते. फट मात्र मोकळी करा, कोरडी होऊ द्या, मग लवचीक सीलंट भरा. जुन्या सिलिकॉनवर नवं धरत नाही, ते आधी पूर्ण काढा. त्याआधी गळती शोधा. पाइपनं पाणी खालून मारायला सुरुवात करा आणि हळूहळू वर जा. एकदम वरून मारलं तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि काहीच कळत नाही.

अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्या खालच्या पट्टीत पाणी येणारच. ते बाहेर जावं म्हणून पट्टीला बाहेरच्या अंगानं बारीक भोकं ठेवलेली असतात. धुळीनं ती बुजली की पाणी घरात उतरतं. तेव्हा या आठवड्यात एक तार घेऊन ती भोकं साफ करा, आणि सीलंट भरणाऱ्याला बजावून सांगा, ही बुजवायची नाहीत.