एडनचा तुरुंग आणि त्यापलीकडील मुलूख



मूर्तिजापुरास मी इतिहास शिकवीत असतां वासुदेव बळवंत फडके यांचा धडा आला कीं, वर्गांतून हटकून एक प्रश्न येई : "गुरुजी, तुरुंगाचें दार निखळवून बाहेर पडलेला माणूस पुन्हां सांपडलाच कसा?" याचें उत्तर दारापाशीं नाहीं, तें दाराबाहेरच्या मुलखांत आहे.

फडक्यांना सीमेचा अनुभव पूर्वींही आला होता. १८७९ सालीं पाठलाग सुरू होतांच ते निजामाच्या राज्यांत गेले. राजा निराळा खरा. परंतु मेजर डॅनियलच्या जोडीला निजामाचेच अधिकारी अब्दुल हक धांवत होते. जुलै महिन्यांत देवर नावदगी येथें फडके पकडले गेले. आम्हां वऱ्हाडकरांना याचें नवल वाटूं नये. १८५३ पासून आमचा प्रांत नांवानें निजामाचा आणि कारभारानें इंग्रजांचा होता!

जन्मठेप होऊन फडके १८८० च्या आरंभीं एडनला गेले. १८३९ सालीं कॅप्टन हेन्सनें घेतलेलें, मुंबई सरकारच्या हाताखालचें हें लष्करी ठाणें विझलेल्या ज्वालामुखीच्या कुशींत वसलेलें. भोंवतीं समुद्र, आणि अरबस्तानाशीं जोडणारी वाळूची एक चिंचोळी पट्टी. झाड दृष्टीस पडणें कठीण. सह्याद्रीच्या दऱ्यांत रामोशांसह वावरलेल्या पुरुषाला येथें लपावें कोठें?

पट्टीपलीकडे लहेजच्या सुलतानाचा अंमल. इंग्रजांशीं त्याचें प्रारंभीं वैर होतें. पुढें तनख्याचें सख्य झालें. ठाण्याची भाजी, वैरण तिकडूनच उंटांवर येई. पाण्यासाठींही १८६७ सालीं सुलतानाच्या मुलखांतील शेख उस्मानपासून पाट बांधला गेला. १८७२ सालीं तुर्कांनीं सना घेतल्यावर तर आसपासच्या टोळ्या आपल्याकडे राखण्याची इंग्रजांना अधिकच निकड भासली. ज्या शेजाऱ्याच्या गांठीं असा तनखा, त्याच्या मुलखांत इंग्रजांच्या बंदिवानाला थारा मिळणें दुर्घटच.

तरीही फडक्यांनीं बिजागऱ्यांतून दार काढलें आणि ते निघाले. धाडसाला उणेपणा नव्हता. परंतु ते लवकरच पकडले गेले, आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजीं त्याच कैदेंत त्यांनीं देह ठेविला. वय अवघें सदतीस.

त्याच्या आदल्या सालीं, १८८२ मध्यें, इंग्रजांनीं शेख उस्मान हें गांव सुलतानाकडून विकतच घेतलें होतें.