‘बरं आहे’ म्हणजे किती बरं?



मी फिजिओथेरपिस्ट आहे. दुखण्याचं नाव टेनिस एल्बो, पण ते घेऊन माझ्याकडे आलेल्यांत टेनिस खेळणारा अजून तरी कुणी भेटला नाही. शिवणकाम करणाऱ्या खाला येतात, मटणाच्या दुकानात सत्तूर चालवणारे चाचा येतात. मनगट मागे उचलणारे स्नायू कोपराच्या बाहेरच्या बाजूला जिथे हाडाला जोडलेले असतात, तिथे हे दुखतं.

सुरुवातीची काही वर्षं मी एवढंच विचारायचे, “खाला, आता कसं आहे?” उत्तर ठरलेलं, “अल्हम्दुलिल्लाह, बरं आहे.” मी फाईलमध्ये ‘सुधारणा’ लिहून मोकळी. शुक्र मानणं हा आपला अदब आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्यावरून कोपराचं काही कळत नव्हतं. एकदा सहा आठवड्यांच्या व्यायामानंतर एक खाला अशाच ‘बरं आहे’ म्हणाल्या आणि शेजारी बसलेली मुलगी पुटपुटली, “कपडे तर आता मीच पिळते.” दुखणं कमी झालं होतं, कारण काम मुलीकडे गेलं होतं!

त्यानंतर मी प्रश्नावली वापरू लागले. तिचं नाव ‘पेशंट रेटेड टेनिस एल्बो इव्हॅल्युएशन’. एकूण 15 प्रश्न, सगळे गेल्या आठवड्याबद्दलचे. पाच वेदनेचे, दहा कामाचे. किल्ली फिरवणं, भरलेला कप तोंडाशी नेणं, बरणीचं झाकण उघडणं, ओला टॉवेल पिळणं. प्रत्येकाला 0 ते 10 गुण. कामाच्या गुणांची बेरीज निम्मी करून वेदनेच्या गुणांत मिळवायची. एकूण 100, आणि आकडा जितका मोठा तितका त्रास जास्त. यातली एक सूचना मला फार आवडते: दुखतं म्हणून एखादं काम केलंच नसेल, तर तिथे 10 लिहायचे. कपडे मुलीने पिळले, तरी खालांच्या कागदावर 10च.

त्या खालांचा पहिला आकडा नंतर आठवून काढता येईना, म्हणून हिशेब तिथूनच सुरू केला: 60. पुढच्या वेळी 54. कमी झाला खरा, पण ‘थोडं बरं’ म्हणायलाही साधारण 7 गुणांची किंवा सुरुवातीच्या 22 टक्क्यांची घट लागते, असं 2011 च्या एका अभ्यासात दिसलं आहे. ‘खूप बरं’ म्हणायला 11 गुण किंवा 37 टक्के. मग मी व्यायामाचा भार बदलला.

कधी विचारतो, यालाही महत्त्व आहे. ऑस्ट्रेलियातल्या 198 रुग्णांचा अभ्यास 2006 साली प्रसिद्ध झाला. सहा आठवड्यांनी स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलेल्यांपैकी 78 टक्के बरे होते, फिजिओथेरपीवाले 65 टक्के. तिथेच थांबलो असतो तर इंजेक्शन जिंकलं असतं. पण पुढे इंजेक्शनवाल्यांपैकी 72 टक्क्यांचं दुखणं उलटलं. आणि माझ्या धंद्याला न आवडणारी गोष्टही सांगते: वर्षअखेरीस फिजिओथेरपी घेतलेले आणि नुसती वाट पाहिलेले यांच्यात फारसा फरक उरला नव्हता. म्हणून मी वर्षाने फोन करते.

आता तुमच्याकडे एक काम. प्रश्नावली भरताना शौहर किंवा मुलगा मधेच म्हणतो, “पाच लिहा, तिला तेवढंच दुखतं.” अम्मीला घेऊन आलात तर प्रश्न तिला कळेल अशा बोलीत वाचून दाखवा. आकडा ती सांगेल. आणि पहिल्या दिवशीचा कागद घरी जपून ठेवा, पुढच्या वेळी तो लागतो.