आपल्याच फरश्या
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमातील भाषण)



मत्स्योदरी देवीच्या, माशाच्या आकाराच्या टेकडीनं आपलं अंबड ओळखलं जातं. पण गावाबाहेर वनखात्याच्या जागेत राडारोड्याच्याही टेकड्या उभ्या राहिल्यात. म्हणून आम्ही सात-आठ म्हातारे एका रविवारी घमेली, फावडी घेऊन गेलो. लिंबाखालचा ढीग उपसताना निळ्या फुलांच्या फरश्या निघाल्या. ओळखीच्या वाटल्या. माझ्याच न्हाणीघरातल्या होत्या! दुरुस्तीच्या वेळी ट्रॅक्टरवाल्याला पैसे दिले, 'कुठंही टाक बाबा' म्हणालो आणि विसरलो.

केंद्राच्या २०१६ च्या नियमांनी सांगितलं होतं, की बांधकामाचा कचरा ज्याचा, जबाबदारी त्याची. बँकेत मी जन्मभर लोकांना हेच सांगितलं, की कर्ज ज्याच्या नावे, त्यानंच फेडायचं. स्वतःच्या नावे मात्र बाकी राहिली.

त्या फरश्या परत आणल्या. गेटजवळच्या झाडाच्या आळ्याला लावल्यात, जाता-येता बघा. विनंती एवढीच, की घरात दुरुस्ती काढण्याआधी राडारोडा कुठं जाणार, ते सोसायटीच्या वहीत लिहा. पहिली नोंद माझी आहे. उशिरा केलेली.