कपाशीच्या किडींवर बुरशी आणि विषाणू

पावसाची झड थांबली, हवेत दमटपणा राहिला, की कपाशीवर मावा, तुडतुडे, पांढरी माशी दिसू लागतात. अशा दमट हवेतच किडींना मारणाऱ्या मित्रबुरशीही जोमाने वाढतात.

लेकॅनिसिलियम लेकॅनी ही त्यातलीच एक. तिचे बीजाणू किडीच्या अंगावर रुजतात, कातडीतून आत शिरतात आणि कीड मरते. रस शोषणाऱ्या किडी औषध खात नाहीत, म्हणून नुसत्या स्पर्शाने काम करणारी ही बुरशी त्यांच्यावर उपयोगी. दहा लिटर पाण्यात साधारण ५० ग्रॅम भुकटी घ्यावी. मात्र पुडीवरची मात्रा आधी वाचावी. फवारा पानांच्या खालच्या बाजूला बसू द्या.

हिरव्या बोंडअळीसाठी एचएएनपीव्ही हा विषाणू आहे. तो अळीच्या पोटात जावा लागतो. त्यामुळे अळ्या लहान असतानाच फवारा. रोगट अळी काही दिवसांत झाडावर उलटी लटकून मरते आणि तिच्यातून विषाणू पुढे पसरतो. गुलाबी बोंडअळी मात्र बोंडाच्या आत लपते. तिथे या विषाणूचा भरवसा धरू नका. कामगंध सापळे लावा आणि डोमकळ्या वेचून नष्ट करा.

दोन पथ्ये पाळा. फवारणी संध्याकाळी करा, कारण कडक उन्हात हे जीव टिकत नाहीत. आणि बुरशीनाशक वापरलेला पंप स्वच्छ धुतल्याशिवाय त्यात मित्रबुरशी घालू नका. परिणाम दिसायला चार-आठ दिवस लागतात. दुसऱ्याच दिवशी रासायनिक औषधाकडे वळू नका.