काथ्याचा भुसा आणि धानाचे तूस



गोंदिया जिल्हा धानाचा आणि तलावांचा. पाणी धरून ठेवणारी येथील चिकण माती धानाच्या बांधीला मानवते. तीच माती कुंडीत भरली की घट्ट बसते, वाळल्यावर तडकते आणि मिरची-वांग्याच्या कोवळ्या रोपांची मुळे गुदमरतात.

अशा वेळी समुद्रकाठचा एक टाकाऊ पदार्थ उपयोगी पडतो. नारळाच्या सोडणापासून काथ्या काढताना तपकिरी भुसा मागे उरतो. केरळात एकेकाळी त्याचे ढीग नुसते पडून राहत. १९५३ च्या कायद्यान्वये काथ्या मंडळ स्थापन झाले. आज हा भुसा दाबून त्याच्या विटा करतात व त्या देशोदेशी जातात. ५ किलोची वीट भिजविली असता सुमारे ७० लिटर भुसा होतो. स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट पाणी शोषूनही त्यात हवा खेळती राहते.

तथापि भुसा म्हणजे खत नव्हे. त्यात नत्र जवळजवळ नसतेच. केवळ भुशात लावलेली रोपे म्हणूनच काही दिवसांत पिवळी पडतात आणि पैसा व श्रम दोन्ही वाया जातात. दुसरा दोष क्षारांचा. सोडणे खाऱ्या पाण्यात कुजविली असल्यास भुशात मीठ राहते. म्हणून तो गोड्या पाण्याने दोन-तीन वेळा धुऊन निथळून घ्यावा.

तिसरी गोष्ट खर्चाची. वीट दुरून विकत आणावी लागते. धानाचे तूस मात्र जिल्ह्यातील राईस मिलमध्ये विपुल आहे. ते मंद आचेवर काळे होईपर्यंत भाजावे. पांढरी राख होऊ देऊ नये, कारण ती फार अल्कधर्मी असते. दोन भाग धुतलेला भुसा, एक भाग गांडूळखत व एक भाग काळे तूस असे मिश्रण रोपांना पोषक ठरते. तुसामुळे पाण्याचा निचरा होतो, खतामुळे अन्न मिळते.

पाणी देताना वरचा थर पाहून फसू नये. वर कोरडा दिसणारा भुसा आत ओला असतो. बोट खुपसून पाहावे, मगच पाणी द्यावे; अन्यथा रोपे कोलमडतात. हंगाम संपल्यावर हेच मिश्रण परसबागेच्या चिकण मातीत मिसळावे. माती भुसभुशीत होते.

नारळ किनाऱ्याचा, तूस गोंदियाचे. दोहोंचा मेळ घातल्यास घरच्या भाजीची रोपे घरीच, अल्प खर्चात तयार होतील.