लेखणी पाड्यावर पोचवणारे नियतकालिक



‘राष्ट्र आणि साहित्य’ हा विषय निघाला की चर्चा बहुधा नामवंतांपाशीच घुटमळते. या संमेलनात ती पश्चिम बंगालमधल्या बहरामपूरच्या एका छोट्या नियतकालिकापासून सुरू व्हावी. त्याचे नाव ‘बर्तिका’. कवी मनीष घटक ते चालवीत. १९७९ मध्ये त्यांचे निधन झाले आणि पुढच्या वर्षी त्यांच्या कन्या महाश्वेता देवी यांनी संपादनाची धुरा घेतली. बिरसा मुंडांवरील त्यांच्या ‘अरण्येर अधिकार’ या कादंबरीला नुकताच साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेला होता. नामवंतांच्या कथा-कविता मिळवणे त्यांना मुळीच जड गेले नसते. त्यांनी मात्र लेख मागितले ते शेतमजुरांकडे, कामगारांकडे, रिक्षावाल्यांकडे आणि आदिवासींकडे.

ज्यांनी जन्मात कधी लेख लिहिला नव्हता, त्यांनी सुरुवात कुठून करायची? महाश्वेता देवींनी त्यासाठी एक प्रश्नावलीच तयार केली. गावातली जमीन कोणाकडे आहे, रोजची मजुरी किती पडते, शाळेची आणि पिण्याच्या पाण्याची काय सोय आहे, अशी माहिती लिहिणाऱ्याने गोळा करायची. अशा नोंदींना साहित्यिक नियतकालिकात जागा मिळाली, हीच ‘बर्तिका’ची खरी धडाडी. मजुरीचा आकडा स्वतः मजुराने लिहिला की त्यामागचे सगळे जगणे वाचकासमोर उभे राहते.

मनोरंजन ब्यापारी हे याचे ठळक उदाहरण. फाळणीत उखडल्या गेलेल्या दलित कुटुंबातला हा माणूस तुरुंगात अक्षरे शिकला आणि सुटल्यावर जादवपूरला सायकलरिक्षा चालवू लागला. एकदा पुस्तकात अडलेल्या एका शब्दाचा अर्थ त्याने रिक्षात बसलेल्या बाईंना विचारला. त्या बाई म्हणजे महाश्वेता देवी. त्यांनी त्याला स्वतःच्या कामाबद्दल लिहायला सांगितले आणि १९८१ मध्ये त्याचा पहिला लेख ‘बर्तिका’त छापून आला. पुढे ब्यापारींनी आत्मचरित्र आणि कादंबऱ्या लिहिल्या. २०२१ मध्ये ते पश्चिम बंगालच्या विधानसभेवर निवडून गेले.

‘बर्तिका’ने ज्या आदिवासींना आणि मजुरांना लिहिते केले, त्यांतल्या अनेकांच्या अंगावर इंग्रजी राजवटीचा इतिहास लिहिलेला आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने शेकडो समाजांवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला. हजेरी, परवाना, तारेच्या कुंपणातली वसाहत हे सारे त्यामागोमाग आले. सोलापूरची अशीच ‘सेटलमेंट’ मराठी माणसाला ठाऊक आहे. १९५२ मध्ये हा कायदा देशभरातून गेला, पण संशय गेला नाही.

फेब्रुवारी १९९८ मध्ये पुरुलिया जिल्ह्यात, हाच शिक्का बसलेल्या शबर जमातीतल्या बुधन शबर या तरुणाचा पोलिस कोठडीत मृत्यू झाला. पोलिसांनी ती आत्महत्या असल्याचे सांगितले. महाश्वेता देवींशी निगडित असलेली खेडिया शबर कल्याण समिती कलकत्ता उच्च न्यायालयात गेली. न्यायालयाने पोलिसांचे म्हणणे मान्य केले नाही आणि बुधनच्या पत्नीला भरपाई देण्याचा आदेश दिला. त्याच वर्षी महाश्वेता देवी, गणेश देवी आणि ‘उचल्या’कार लक्ष्मण गायकवाड यांनी या कायद्यातून सुटलेल्या विमुक्त आणि भटक्या जमातींच्या हक्कांसाठी कृतिगट उभारला. ‘बुधन’ याच नावाचे नियतकालिक निघाले आणि त्यात न्यायालयाचा निकाल छापला गेला. अहमदाबादच्या छारानगर या विमुक्तांच्या वस्तीतल्या तरुणांनी तो वाचून नाटक बसवले. तिथूनच ‘बुधन थिएटर’ घडले.

एका छापील निकालाचे नाटक होते आणि पिढ्यान्‌पिढ्या पोलिसांच्या नजरेखाली जगलेली वस्ती रंगमंचावर स्वतःची बाजू मांडते, ही घटना नियतकालिकांच्या ताकदीबद्दल पुष्कळ सांगून जाते. या देशातला नागरिक कोण, याचे उत्तर छारानगरच्या पोरांनी स्वतःच्या तोंडाने दिले.

मराठीत ‘उपरा’ आणि ‘उचल्या’ या आत्मकथनांनी स्वतःची बाजू स्वतः मांडण्याचा हा दरवाजा केव्हाच उघडला. वाहरू सोनवणे आणि भुजंग मेश्राम या आदिवासी कवींची कविता त्याच काळातली. तरीही आदिवासींवरचा विशेषांक निघाला की अनुक्रमणिकेत अभ्यासकांचीच नावे जास्त दिसतात. अभ्यासकांचे काम मोलाचे आहे. पण ज्याच्यावर अंक निघतो, त्याचेच पान त्यात नसेल तर तो अंक अपुराच राहतो.

म्हणून या संमेलनातून संपादकांनी एक काम हाती घ्यावे. वर्षातून किमान एका अंकासाठी नंदुरबार, पालघर, गडचिरोलीतल्या आश्रमशाळांचे शिक्षक, वनहक्काचे दावे लिहून देणारे कार्यकर्ते आणि ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्यांमधली लिहिती मुले यांच्याकडे ‘बर्तिका’सारखी प्रश्नावली पाठवावी. भिली, कोरकू, गोंडीतला मजकूर मुळातून छापावा आणि शेजारी मराठी द्यावे. वाक्ये प्रमाणभाषेत बसवण्याआधी लिहिणाऱ्याला विचारावे. नामवंतांना मिळते तेवढेच मानधन त्यालाही द्यावे आणि अंक छापून आला की पहिला गठ्ठा त्याच्या गावी धाडावा.