किहीमचा पावसाळा



वसंत व्याख्यानमालेत पक्ष्यांवर बोलणार असे आम्ही सांगितले तेव्हा एका स्नेह्यांनी विचारले, "अहो, उन्हाळ्यात लोक वाऱ्याला म्हणून येऊन बसतात, त्यांना काही उपयोगाचे सांगा की!" विषय उपयोगाचा आहे की नाही हे शेवटी आपणच ठरवावे. आमची अडचण निराळी आहे. ज्या माणसाविषयी बोलावयाचे त्याचे नाव आपण सर्वांनी ऐकले आहे. मात्र त्याच्या आयुष्यातला महत्त्वाचा एक पावसाळा आपल्याच जिल्ह्यात, येथून घटकाभराच्या वाटेवर गेला हे आपल्यापैकी थोड्यांना ठाऊक असेल. वडखळच्या नाक्यावर गोव्याचा रस्ता सोडून पोयनाडकडे वळले की आपण अलिबागेच्या वाटेला लागतो. अलिबागेच्या उत्तरेस समुद्राकाठी किहीम आहे. तेथे १९३० साली एक तेहेतीस वर्षांचा बेकार गृहस्थ पावसात उभा राहून सुगरणीचे खोपे पाहत होता. त्यांचे नाव सलीम अली.

बेकार हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरला. सलीम अलींचा जन्म १८९६ सालचा, मुंबईचा. त्याच साली आपल्या रोह्याचे चिंतामणराव देशमुख जन्मले. चिंतामणराव १९१२ साली मॅट्रिकला मुंबई विद्यापीठात पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यांनी मिळविली. सलीम अली त्याच्या पुढच्याच वर्षी कसेबसे मॅट्रिक झाले. चिंतामणराव पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, देशाचे अर्थमंत्री झाले. सलीम अलींना विद्यापीठाची पदवी मिळवता आली नाही, आणि तेवढ्यासाठी सरकारच्या प्राणिशास्त्रीय सर्वेक्षण खात्यातली पक्षितज्ज्ञाची जागा त्यांच्या हातून गेली. रोहेकरांनी चिंतामणरावांचा अभिमान अवश्य बाळगावा. घरात मॅट्रिकला कसाबसा सुटलेला एखादा मुलगा असेल तर त्याच्याकडेही जरा निरखून पाहावे, एवढेच आमचे म्हणणे.

या माणसाची सुरुवात बंदुकीने झाली. आईबाप लहानपणीच वारले. मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी सांभाळ केला. मामा शिकारी. दहा-बारा वर्षांच्या सलीमने हवेच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. मुसलमान घरातला मुलगा. नेहमीची चिमणी खाण्यास हरकत नव्हती, पण ही खावी की न खावी? तो मामांकडे गेला. मामांना ती ओळखता येईना. त्यांनी चिठ्ठी देऊन त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या कचेरीत पाठविले. तेथले मानद चिटणीस मिलर्डसाहेब यांनी पोराला हाकलून दिले नाही, आणि आमच्या मते ती या कथेतली फार मोठी गोष्ट आहे. त्यांनी चिमणीचे नाव सांगितले, कपाटांचे खण उघडून पेंढा भरलेले शेकडो पक्षी दाखविले. पुढे त्या मुलाला पक्ष्याची कातडी सोडवून ठेवण्याची कला तेथेच शिकावयास मिळाली. उतारवयात, १९८५ साली, त्यांनी आत्मचरित्र लिहिले तेव्हा त्याच्या नावात ती पडलेली चिमणी आलीच.

मध्यंतरीची वर्षे आम्ही भराभर सांगतो. ब्रह्मदेशात भावाबरोबर खाणीचा व्यवसाय, त्यात अपयश. मुंबईस परत येणे. १९१८ साली तहमिनाबाईंशी विवाह. १९२६ साली प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये लोकांस प्राणी-पक्षी समजावून सांगण्याची नोकरी. मग रजा काढून ते बर्लिनला गेले. तेथे प्रोफेसर स्ट्रेझमान यांच्या हाताखाली पक्षिशास्त्र खऱ्या अर्थाने शिकले. १९३० साली परत आले, तर पैशाअभावी म्युझियमने ती जागाच रद्द केलेली. आता बर्लिनहून आलेला हा विद्वान खाणार काय?

नवराबायको किहीमला येऊन राहिली. तय्यबजी मंडळींचे ते उन्हाळ्यात जाण्याचे जुने ठिकाण. तहमिनाबाई इंग्लंडात शिकलेल्या, शहरी वळणाच्या. पण नवऱ्याची नोकरी गेली म्हणून त्यांनी कपाळाला हात लावल्याचे कोठे ऐकिवात नाही. उलट पुढे रानावनातल्या तंबूंतूनही त्या नवऱ्याबरोबर हिंडल्या. १९३९ साली एका साध्या शस्त्रक्रियेनंतर त्या वारल्या. सलीम अलींनी पुन्हा लग्न केले नाही.

आता त्या पावसाळ्याकडे येऊ.

सुगरण आपणा सर्वांच्या ओळखीची. बहिणाबाईंनी तिचा खोपा मराठी माणसाच्या ओठावर आणून ठेवला आहे. पण श्रोतेहो, येथे आपल्या भाषेची थोडी फजिती आहे. आपण पक्ष्याला सुगरण म्हणतो, बाईमाणसाची कौतुकाची पदवी देतो. आणि खोपा विणतो तो नर! पावसाच्या तोंडावर डोक्यावर हळद सांडल्यासारखा पिवळा होतो तो हाच. भाताच्या पातीला तळाशी चोचीने खाच पाडावयाची, टोक धरून उडावयाचे, की लांबच लांब दोरा सुटून येतो. अशा दोऱ्यांसाठी शेकडो फेऱ्या. आधी फांदीला वेढे, मग कडी, मग त्या कडीवर शिरस्त्राणासारखा घुमट. घुमट झाला की नर त्याला लोंबकळून पंख फडफडवितो आणि ओरडतो. जणू बिऱ्हाड भाड्याने देणे आहे!

अशी अर्धी घरटी झाडावर पुष्कळ दिसतात. ती का? लोक म्हणत, पावसात नराला बसावयास झोपाळा नको का? आतल्या बाजूस मातीचे गोळे चिकटविलेले असतात. त्याविषयी तर ठाम समजूत, की सुगरण त्यात काजवे रोवून दिवा लावते. आम्हीही लहानपणी विहिरीवरच्या शिंदीचा पडलेला खोपा घरी आणून अंधाराची वाट पाहत बसलो होतो. दिवा काही लागला नाही. आजीने मात्र घरात कचरा आणला म्हणून पाठ मऊ केली.

सलीम अलींनी काय केले? तर्क केला नाही. वसाहतीजवळ रोज तासन्‌तास बसून खोप्याखोप्याचा हिशेब ठेवला: कोणता केव्हा सुरू झाला, मादी केव्हा आली, कोणत्यात शिरली. त्यातून जी हकीकत निघाली ती कादंबरीलाही जड जाईल. नर अर्धा खोपा बांधून थांबतो. माद्यांचा थवा येतो. त्या बाईसाहेब घुमटात शिरतात, ओढून पाहतात, ठोकून पाहतात, आणि बहुधा नापसंत करून निघून जातात. नापसंत खोपा अर्धाच लोंबकळत राहतो. तो काही झोपाळा नव्हे, मोडलेले लग्न आहे. एखादीने पसंत केला की मग नर अंड्यांची खोली बांधून खालची नळी पुरी करतो. मादी आत अंडी घालते, उबविण्याचे सारे तीच पाहते, आणि नरमहाराज? ते शेजारच्या फांदीवर दुसऱ्या खोप्याची कडी घालावयास लागलेले असतात, दुसऱ्या मादीसाठी. एका हंगामात एकामागून एक अशी दोन-तीन बिऱ्हाडे. ही एकामागून एक लग्ने करण्याची रीत सलीम अलींनी किहीमला उलगडली, आणि १९३१ साली सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचा निबंध छापून आला. पदवी नसलेल्या माणसाकडे पक्षिशास्त्राचे जग लक्ष देऊ लागले ते या कामाने. त्यासाठी कोणती उपकरणे लागली? डोळे, वही, आणि नोकरी नसल्यामुळे मिळालेला वेळ.

पाहणे ही साधी गोष्ट नाही, हे पेणकरांना आम्ही सांगण्याची गरज नाही. येथल्या कारखान्यांत गणपतीच्या डोळ्यांची आखणी करणाराच जाणतो की केसभर चूक झाली तर मूर्ती पाहीनाशी होते. पक्ष्यांच्या चित्रकाराचेही तसेच असते. जहांगीर बादशहाच्या पदरी उस्ताद मन्सूर होता. त्याने पक्षी असे काढले की आजचा शास्त्रज्ञ ते बिनचूक ओळखतो. सलीम अलींचे भारतीय पक्ष्यांवरचे प्रसिद्ध पुस्तक १९४१ साली निघाले. ते घरोघर गेले त्याचे निम्मे श्रेय त्यातल्या रंगीत चित्रांना आहे. वर्णन वाचून बुलबुल ओळखणारे थोडे, चित्र पाहून ओळखणारे सगळेच.

इंग्लंडात तर चित्रकार आणि पक्षिरक्षक एकाच देहात नांदले. दक्षिण ध्रुवावरून परतताना गारठून मेलेले कॅप्टन स्कॉट यांनी शेवटच्या पत्रात बायकोला लिहिले होते, की मुलाला निसर्गाची गोडी लाव. तो मुलगा पीटर स्कॉट. तरुणपणी बदकांचा नामांकित शिकारी, आणि बदकांचाच नामांकित चित्रकार. पुढे बंदूक ठेवली, कुंचला ठेवला नाही. १९४६ साली त्यांनी स्लिमब्रिज येथे पाणपक्ष्यांसाठी आश्रयस्थान काढले. १९६१ साली जागतिक वन्यजीव निधीच्या संस्थापकांत ते होते आणि त्या संस्थेचे पांडाचे चिन्ह त्यांच्याच हातचे. हिवाळ्यात सायबेरियाकडून स्लिमब्रिजला हंस येत. त्यांच्या चोचीवरची काळी-पिवळी नक्षी प्रत्येकाची वेगळी, हे त्यांच्या चित्रकाराच्या नजरेने टिपले. त्यांनी हंसांची तोंडे एकेक रेखाटून ठेवली, नावे दिली, आणि कोण परत आला, कोण आला नाही, याची वही सुरू झाली.

सलीम अलींनी मात्र बंदूक पुरती ठेवली नाही. हैदराबाद, त्रावणकोर, कोचीन अशा संस्थानांतल्या पक्ष्यांची पाहणी त्यांनी जवळजवळ बिनपगारी, खर्चापुरत्या पैशांवर केली, आणि त्यात नमुन्यांसाठी पक्षी मारावे लागत. यावरून त्यांना नावे ठेवणारे आजही भेटतात. आम्हांस ते पटत नाही. ज्याची नोंदच नाही त्याचे रक्षण कशाच्या आधारावर करणार? डिलन रिप्ले यांच्याबरोबर त्यांनी लिहिलेला भारत-पाकिस्तानच्या पक्ष्यांचा दहा खंडांचा ग्रंथ १९६८ ते १९७४ या काळात आला, तो या नोंदींवरच उभा आहे.

त्यांची खरी चूक आम्हांला दुसरीकडे दिसते, आणि ती झाकून ठेवणे त्यांनाही आवडले नसते. भरतपूरची पाणथळ जागा वाचविण्यासाठी त्यांनी फार खटपट केली; त्यांच्यामुळे ती राहिली असे म्हणण्यास हरकत नाही. पण तेथे गुरे चारण्यास बंदी असावी या मताचे ते होते. १९८२ साली बंदी आली. गावकरी खवळले, दंगल झाली, माणसे प्राणास मुकली. आणि पुढे त्यांच्याच सोसायटीच्या शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षे पाहणी करून काय सांगितले? म्हशी बंद झाल्यामुळे पाण्यात गवत माजले आणि कित्येक पाणपक्ष्यांची जागा गेली! किहीमला जो माणूस तर्क न करता पावसाळाभर बसला, त्याने म्हशींच्या बाबतीत तसे बसून पाहिले असते तर? ज्या सोसायटीला त्याने आयुष्य वाहिले, तिनेच त्याची चूक छापून सांगितली, हेही लक्षात ठेवण्याजोगे आहे.

पुढे मान आले. १९५८ साली पद्मभूषण, १९७६ साली पद्मविभूषण. गेटी पारितोषिकाचे पैसे त्यांनी निसर्गरक्षणाच्या निधीला देऊन टाकले. १९८५ साली ते राज्यसभेवर नियुक्त झाले आणि १९८७ साली वारले.

आता आपल्या घरचे. पेणहून पनवेलकडे जाताना कर्नाळ्याचा सुळका लागतो. तेथे १९६८ साली पक्षी अभयारण्य झाले. रोह्याच्या बाजूस फणसाड, जंजिऱ्याच्या नबाबाचे शिकारीचे रान, १९८६ साली अभयारण्य झाले. दोन्ही चांगली झाली. पण सुगरण कर्नाळ्याच्या दाट झाडीत राहत नाही, फणसाडच्याही नाही. ती आपल्या भातशेतीची शेजारीण. तिला खारेपाटातले बांध हवेत, बांधावरची बाभूळ, विहिरीवर कललेली शिंदी किंवा माड हवा, आणि दोऱ्यासाठी भाताची पात हवी. शेतकऱ्याला ती थोडा त्रासही देते. दाणे भरले की गोफण घेऊन माळ्यावर बसावेच लागते. तसेच पिलांना ती किडे भरविते हेही खरे. बांध गेला, विहीर बुजली, शेतात भराव पडून भूखंड आखले गेले, की तिला कोणतेही अभयारण्य उपयोगी नाही. तिच्यासाठी कोणी मोर्चा काढणार नाही, कारण ती दुर्मीळ नाही. गिधाडेही एके काळी दुर्मीळ नव्हती. गुरांना देण्याच्या एका वेदनाशामक औषधाने ती देशभर मेली. २००६ साली त्या औषधाला बंदी झाली. आज गिधाड पाहण्यासाठी आपल्याच जिल्ह्यात म्हसळ्याच्या चिरगावला मुद्दाम जावे लागते.

एक वही मात्र आपण ठेवू शकतो. सध्या वैशाखात बाभळींवर लोंबणारे खोपे गेल्या वर्षीचे आहेत, रिकामे आणि करडे. मुलांना घेऊन ते आत्ताच पाहून ठेवावे, झाड लक्षात ठेवावे. मृग बरसला आणि भात हातभर वर आले की त्याच झाडापाशी पुन्हा जावे. फार जवळ नव्हे, बांधाच्या अलीकडे बसावे. पिवळ्या डोक्याचे किती, अर्धे खोपे किती, नळी लागलेले किती, एवढे तीन आकडे तारखेसह लिहावे, आणि आठ दिवसांनी पुन्हा. छत्री न्यावी, पण उघडू नये; सुगरणी दचकतात.